इंग्लंड वि. न्यूझीलंड, बायकांचं रग्बी: या दोघींची मालिका का होत नाही?

सह्याद्रीची_पोर
नमस्कार मंडळी. इथे बायकांच्या रग्बीवर आधीचा धागा सापडला नाही म्हणून नवीन काढतेय. मी पुण्यात कॉलेजला असताना दोन वर्षं रग्बी खेळले, मग गुडघा गेला आणि खेळणं सुटलं, बघणं मात्र सुटलं नाही. गेल्या आठवड्यात २०२२ ची फायनल परत बसून अख्खी बघितली आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं आधीचं सांगते. पंधरा जणींच्या रग्बीत इंग्लंड आणि न्यूझीलंड वर्ल्ड कप फायनलला पाच वेळा भिडल्यात. २००२ बार्सिलोना १९-९, २००६ एडमंटन २५-१७, २०१० लंडन १३-१०, २०१७ बेलफास्ट ४१-३२, आणि २०२२ ऑकलंड ३४-३१. पाचही न्यूझीलंडच्या. पण गंमत बघा, फायनल सोडून बाकीच्या मॅचेस काढल्या तर अलीकडे इंग्लंडच वरचढ आहे. २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक्सेटरला ४३-१२, लगेच पुढच्या आठवड्यात नॉर्दॅम्प्टनला ५६-१५. २०२३ ला ऑकलंडमध्ये जाऊन ३३-१२. २०२४ ला लंडनच्या ट्विकनम स्टेडियमवर २४-१२. म्हणजे एरवी धू धू धुवायचं आणि फायनलला हरायचं, हे किती वर्षं चाललंय.

आणि माझं म्हणणं एवढंच आहे की या दोघींची नीट तीन मॅचची मालिका झाली पाहिजे, ठरलेल्या वर्षी, एकदा इकडे एकदा तिकडे. पूर्वी झाल्यात की! २०१२ ला इंग्लंडने घरी ३-० जिंकली, पुढच्याच वर्षी न्यूझीलंडने आपल्याकडे बोलावून ३-० ने परत केली. असं काही वाचलं की अंगावर काटा येतो माझ्या. मग ते बंद का पडलं?

मोरपीस
वाचतेय. रग्बीतलं ओ की ठो कळत नाही पण तू इतकं मनापासून लिहिलंयस की बघावंसं वाटलं. २०२२ च्या फायनलमध्ये नक्की काय झालं ते लिही ना सविस्तर.

तालीमवाला_सांगली
ताई, मी कबड्डीतला माणूस, गावात मुलींना शिकवतो. आमच्याकडे पकड म्हणजे एकदा धरलं की सोडायचं नाही. रग्बीत धरून पाडल्यावर सोडतात असं दिसतं, ते का? आणि ती मधेच एकीला उचलून वर धरतात ते काय असतं?

सह्याद्रीची_पोर
@तालीमवाला_सांगली दादा, टॅकल करून पाडलं की सोडावंच लागतं, आणि पडलेलीनेही बॉल सोडायचा. मग त्या बॉलवर उभं राहून दोन्हीकडच्या झोंबतात, पायावर उभं राहूनच, लोळण घेऊन नाही. तुमच्या पोरींना ते कळायला दोन दिवस लागणार नाहीत बघा, कमरेखाली वाकून घुसायची सवय त्यांना आधीच असते.

उचलतात तो लाइनआउट. बॉल मैदानाबाहेर गेला की दोन्ही टीम समोरासमोर रांग करतात आणि मधल्या फटीत सरळ बॉल फेकायचा. उडी मारणारीला पुढून एक मागून एक अशा दोघी मांडीला धरून वर देतात, दहीहंडीचा थर असतो ना तसं, फक्त एका सेकंदात लावायचा आणि एका सेकंदात उतरवायचा. ती बॉल घेऊन खाली आली की बाकीच्या तिला चिकटतात आणि तो अख्खा गठ्ठा पुढे रेटत नेतात, त्याला मॉल म्हणतात. बॉल हातोहात गठ्ठ्याच्या शेपटाला जातो. आणि शेपटाला बहुतेक वेळा कोण असते तर जिने बॉल फेकला ती हुकरच, फेकून झालं की ती पळत मागे येऊन चिकटते. समोरच्यांनी मुद्दाम मॉल खाली पाडला तर पेनल्टी. म्हणजे चांगला मॉल लागला की समोरची टीम अडकलीच, पाडता येत नाही आणि थांबवताही येत नाही.

इंग्लंडचा मॉल हा जगातला सगळ्यात भारी मॉल होता २०२२ मध्ये. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

@मोरपीस सांगते. १२ नोव्हेंबर, शनिवार, आपल्याकडे दुपारी बाराला सुरू. इंग्लंड सलग ३० मॅचेस जिंकून आलेली. तिसऱ्याच मिनिटाला इंग्लंडच्या एली किल्डनचा ट्राय, म्हणजे समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे बॉल जमिनीला टेकवला. मला वाटलं संपलं, एकतर्फी होणार. मग अठराव्या मिनिटाला इंग्लंडची विंगर (कडेने पळणारी) लिडिया थॉम्पसन न्यूझीलंडच्या पोर्शिया वुडमनला टॅकल करायला गेली आणि डोक्याला डोकं आपटलं. रेड कार्ड. रग्बीत तेव्हा रेड म्हणजे गेली ती गेली, बदली नाही. वुडमनही त्या धक्क्याने बाहेर. त्यानंतर बासष्ट मिनिटं इंग्लंड चौदा जणींनी खेळली आणि तरी हाफ टाइमला २६-१९ अशी पुढे होती! कशाच्या जोरावर, तर मॉल. हुकर एमी कोकेनने तीन ट्राय केले, तिन्ही मॉलच्या शेपटावरून.

दुसऱ्या हाफला न्यूझीलंडने बॉल लांब लांब फिरवायला सुरुवात केली, कारण समोर एक बाई कमी म्हणजे कडेला कुठेतरी जागा असणारच. शेवटची नऊ-दहा मिनिटं राहिलेली, थेरेसा फिट्झपॅट्रिकने पायाने बॉल पुढे सरकवला, स्टेसी फ्लुलरने तो पळता पळता उचलला आणि पडता पडता आयेशा लेटी-ईगाला दिला. ट्राय. ३४-३१.

आणि मग शेवट. वेळ संपत आलेली, इंग्लंडला पेनल्टी, त्यांनी बॉल कोपऱ्यात मारला, गोललाइनपासून पाच मीटरवर लाइनआउट. म्हणजे बघा, ज्या गोष्टीवर दिवसभर ट्राय केले तीच गोष्ट, तीच जागा, फक्त एकदा अजून. न्यूझीलंडपुढे दोन पर्याय, जमिनीवर राहून मॉल अडवायचा किंवा हवेत बॉलसाठी भांडायचं. हवेत हुकलं तर जमिनीवर कुणी तयार नसतं, मॉल सरळ आत जातो. त्या वर गेल्या. जोआना न्गान-वूचा हात लागला, बॉल सुटला, खेळ खलास.

माझ्या आईने स्वयंपाकघरातून विचारलं काय गं झालं, मी रडत होते आणि मला आजही सांगता येत नाही कोणासाठी.

ऑकलंडकर
मी होतो त्या दिवशी ईडन पार्कवर. बायको, दोन मुली आणि मी. ४२,५७९ माणसं होती, बायकांच्या रग्बीला तोपर्यंत जगात कधीच इतकी गर्दी झाली नव्हती. शेवटच्या लाइनआउटला आमच्या स्टँडमध्ये कुणी बसलेलं नव्हतं आणि कुणी बोलतही नव्हतं, इतक्या माणसांची अशी शांतता मी आयुष्यात दुसरीकडे ऐकलेली नाही. बॉल फेकणारीने हात डोक्यामागे नेले ते मला इतक्या लांबून स्पष्ट आठवतंय. पुढचं एक सेकंद काहीच आठवत नाही, नंतर एकदम धाकटी माझ्या खांद्यावर बसून ओरडत होती. मग न्यूझीलंडच्या रुबी तुईने माईक घेऊन माओरी गाणं सुरू केलं आणि अख्खं स्टेडियम मागे. आमच्या मुलींना ते शाळेत शिकवलेलं, त्यामुळे त्या दोघी सगळ्यांबरोबर गात होत्या आणि आम्ही दोघं नुसते बघत उभे.

पण धाग्याच्या मुद्द्यावर एक सांगतो. तुम्ही २०२१ चे स्कोर दिलेत त्याच्या मागे बरंच काही आहे. त्या दौऱ्यावर ब्लॅक फर्न्स, म्हणजे न्यूझीलंडची बायकांची टीम, इंग्लंडकडून दोन आणि फ्रान्सकडून दोन अशा चारही मॅच हरल्या. परत आल्यावर हुकर ते कुरा न्गाता-आएरेंगामाते हिने इन्स्टाग्रामवर उघडपणे लिहिलं की कोचच्या बोलण्याने तिचं मानसिक खच्चीकरण झालं. मोठी चौकशी झाली, २०२२ च्या एप्रिलमध्ये कोच ग्लेन मूर यांनी राजीनामा दिला. मग वेन स्मिथ आले, ज्यांना इथे सगळे प्रोफेसर म्हणतात, आणि मदतीला ग्रॅहम हेन्री आणि माइक क्रॉन. पुरुषांचे वर्ल्ड कप जिंकून दिलेली माणसं ही. सात महिन्यात टीम उभी केली. म्हणून ती फायनल इथल्या लोकांना नुसती एक मॅच वाटत नाही. एका मुलीने तोंड उघडलं नसतं तर ती टीम तिथपर्यंत पोचलीच नसती असं माझं स्पष्ट मत आहे.

थेम्सकाठची
मी रेडिंगला असते, इंग्लंडच्या बाजूची म्हणा. ऑकलंडकर, तुमचं वाचून डोळे भरले हो, पण आमची बाजू पण लिहिते.

पैशाने जिंकतात असं इंग्लंडबद्दल नेहमी बोललं जातं. खरं आहे की २०१९ च्या जानेवारीपासून इथे २८ जणींना पूर्णवेळ करार मिळाले आणि तिथून फरक पडला. पण त्याच्या आधी काय होतं? २०१४ ला वर्ल्ड कप जिंकणारी कॅप्टन केटी मॅक्लीन प्राथमिक शाळेत शिकवायची. आणि २०१७ ला वर्ल्ड कपच्या तोंडावर बातमी आली की स्पर्धा झाली की पंधराच्या टीमचे करार वाढवणार नाहीत, सेव्हन्सवर, म्हणजे सात जणींच्या रग्बीवर, लक्ष देणार. विचार करा, तुम्ही फायनल खेळायला चाललाय आणि माहितीये की नंतर पगार बंद. त्या अवस्थेत त्या बेलफास्टला हाफ टाइमला १७-१० पुढे होत्या. न्यूझीलंडची प्रॉप (पुढच्या फळीतली) टोका नाटुआ हिने तीन ट्राय केले आणि नंतर हातातून गेली, ते मान्य. समोरच्याही काही पूर्णवेळ खेळाडू नव्हत्या, त्यांची कॅप्टन फियाओओ फाआमाउसिली ऑकलंडला पोलिसात डिटेक्टिव्ह होती.

आणि मालिकेचं म्हणाल तर २०१२ ची मालिका बघा कशी होती. २४ नोव्हेंबर शनिवार ईशर १६-१३, २७ तारखेला मंगळवारी ऑल्डरशॉट १७-८, आणि १ डिसेंबर शनिवारी ट्विकनम ३२-२३. आठ दिवसात तीन टेस्ट, म्हणजे देशादेशांतल्या मॅच! नोकरीतून रजा काढून आलेल्या बायकांना आठ दिवसात तीन टेस्ट खेळायला लावणं हे आज कुणी करणार नाही आणि करूही नये. तशी मालिका परत हवी असं मी तरी म्हणणार नाही.

सह्याद्रीची_पोर
@थेम्सकाठची ताई, बरोबर. तारखा मी अशा सलग लावून बघितल्याच नव्हत्या. आठ दिवसांची नकोच, तीन आठवड्यांची हवी. मधे एक एक आठवडा. पण मालिकेत जे होतं ते एकेका मॅचमध्ये होत नाही ना. पहिल्या मॅचला मॉलने मार खाल्ला तर दुसरीला काहीतरी उपाय शोधून येणार, तिसरीला त्याच्यावर समोरचीचा उपाय. आता काय होतं, ट्विकनमला सप्टेंबरमध्ये एक मॅच, मग दोन-तीन आठवड्यांनी व्हँकुव्हरला स्पर्धेत दुसरी, ४९-३१, ती वेगळ्याच संदर्भात, मग पुढची कधी ते माहीत नाही.

मागच्या पिढीचं एक उदाहरण देते. न्यूझीलंड १९९१ पासून दहा वर्षं कुणाकडूनच हरली नव्हती. २००१ च्या जूनमध्ये इंग्लंड त्यांच्या घरी, ऑकलंडजवळ ऑल्बनीला, २२-१७ जिंकली. वर्षभरात बार्सिलोनाची फायनल, न्यूझीलंड १९-९. म्हणजे धक्का बसला की त्या सुधारतात. २०२१ चा मार आणि २०२२ चा कप, अगदी तेच. हे बघायला आपल्याला दर वेळी फायनलपर्यंत का थांबायला लागावं?

निवांत_नागपूर
धागा छान. पण २०२५ बद्दल कुणीच बोललं नाही? कप तर इंग्लंडनेच घेतला ना शेवटी?

थेम्सकाठची
हो!! २७ सप्टेंबर, ट्विकनम, ३३-१३, समोर कॅनडा. ८१,८८५ लोक आणि त्यातली एक मी. ट्रेनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि पुरुषांच्या मॅचला असते तशी गर्दी नव्हती ती, आज्या होत्या, शाळेच्या शाळा होत्या, माझ्या पुढच्या रांगेत एक दहा-अकरा वर्षांची मुलगी किल्डनसारखी काऊबॉय हॅट घालून आलेली. कॅनडाने पहिला ट्राय केला तेव्हा ती हॅट काढून मांडीवर घेऊन बसली. मग किल्डन एकटी सगळ्यांना चकवत आत गेली आणि हॅट परत डोक्यावर. सादिया कबेया प्लेअर ऑफ द मॅच, काय टॅकल केले पोरीने.

आणि एक गोष्ट कुणाला माहीत नसेल. पहिला बायकांचा वर्ल्ड कप १९९१ ला वेल्समध्ये झाला तो रिचमंड क्लबच्या चार बायकांनी स्वतः उभा केलेला, आंतरराष्ट्रीय बोर्डाने मान्यतासुद्धा दिली नव्हती. त्या चौघींतल्या डेबोरा ग्रिफिन २०२५ ला इंग्लंडच्या रग्बी युनियनच्या अध्यक्ष झाल्या, पहिल्या बाई अध्यक्ष. त्यांच्याच वर्षी घरच्या मैदानावर कप आला.

सह्याद्रीची_पोर
आणि माझ्या मनात तेच राहिलं ना ताई. न्यूझीलंड सेमीला ब्रिस्टलमध्ये कॅनडाकडून ३४-१९ हरली. त्या कॅनडाच्या बायकांनी तर तयारीसाठी लोकांकडून वर्गणी गोळा केली होती, मला त्यांचं अतोनात कौतुक आहे. पण सहावी फायनल झाली नाही. इंग्लंडने अजूनही न्यूझीलंडला फायनलमध्ये हरवलेलं नाही.

थेम्सकाठची
हे मला पटत नाही, स्पष्ट सांगते. कप तो कप. जी समोर आली तिला हरवलं. सलग ३३ मॅचेस जिंकून घेतलेला कप आहे, त्याला कशाची कमतरता नाही. न्यूझीलंडला सेमीत कॅनडाने अडवलं यात इंग्लंडचा काय दोष? आणि त्या दिवशी त्या स्टेडियममध्ये न्यूझीलंडची आठवण कुणालाही येत नव्हती, मला तर नाहीच.

ऑकलंडकर
मला थेम्सकाठची यांचं पटतंय. इथे ब्रिस्टलच्या मॅचनंतर कुणी म्हटलं नाही की इंग्लंडचा कप अर्धा. लोक एवढंच म्हणाले की कॅनडाने आम्हाला पहिल्या हाफलाच उचलून फेकलं. तरी ब्राँझ मॅचला फ्रान्सला ४२-२६ हरवलं, आणि अठरा वर्षांची ब्रॅक्स्टन सोरेन्सन-मॅगी स्पर्धेत सगळ्यात जास्त ट्राय करून आली. ती पोर बघा, पुढची दहा वर्षं तिची आहेत.

मालिकेबद्दल मात्र धागाकर्तीशी शंभर टक्के सहमत. इथून सांगतो, अडचण काय आहे ती. ऑकलंड ते लंडन प्रवासच एक दिवसाहून जास्त, टीमला किमान चार आठवडे बाहेर राहावं लागतं. इथल्या बायकांची सुपर रग्बी आउपिकी २०२२ ला सुरू झाली, ती छोटी स्पर्धा आहे, इंग्लंडसारखी महिनोन्महिने चालणारी लीग नाही. टीममध्ये लहान मुलं असलेल्या खेळाडू आहेत. चार आठवड्यांच्या दौऱ्यासाठी मुलांचं बघायला कोण, त्याचा खर्च कुणी द्यायचा, हे आधी ठरायला लागतं. ते ठरलं तर मालिका होईल, आणि ईडन पार्क भरेल याची मला खात्री आहे. माझी धाकटी आता शाळेत रिपा रग्बी खेळते, कमरेला पट्टा आणि दोन्ही बाजूला चिकटवलेल्या पट्ट्या, ती खेचली की टॅकल झाला. तिच्या वर्गात मुलं-मुली एकत्रच खेळतात. त्या वयाची पोरं तिकीट मागतात हो आईबापाकडे.

मोरपीस
किती सुंदर चाललाय धागा. आपल्याकडच्या मुली खेळतात का पंधराचं?

सह्याद्रीची_पोर
खेळतात तर! भारताची बायकांची पंधराची टीम २०१८ ला पहिल्यांदा उतरली, कॅप्टन आपल्या पुण्याची वाहबीझ भरुचा, फिजिओथेरपिस्ट आहे ती. पुढच्या वर्षी, जून २०१९, मनिलामध्ये सिंगापूरला २१-१९ हरवलं, पंधराच्या रग्बीतला भारताचा पहिला विजय. ओडिशाच्या सुमित्रा नायकने निर्णायक पेनल्टी मारली. दोन पॉइंटने! मी त्या दिवशी ऑफिसमध्ये होते, जुन्या टीममधल्या मैत्रिणीचा मेसेज आला आणि मी जिन्यात जाऊन तिला फोन लावला, दोघी बोलायच्या आधी बराच वेळ नुसत्या हसत होतो. आम्ही खेळायचो तेव्हा स्टड असलेले बूट मुलींच्या मापाचे मिळायचे नाहीत, मुलांचे घेऊन पुढे कापूस कोंबायचो.

तालीमवाला_सांगली
ताई, काल संध्याकाळी सराव संपल्यावर मी पोरींना मोबाइलवर २०२२ चा शेवट दाखवला, तुम्ही लिहिलंय तो लाइनआउट. सगळ्या खाली मातीत बसलेल्या, मोबाइल पाण्याच्या कॅनला टेकवून ठेवलेला. तीनदा मागे घ्यायला लावलं. कबड्डीतही आम्ही हेच सांगतो की शेवटच्या चढाईला वाट बघत बसलात तर ती येऊन घेऊन जाते, पुढे जाऊन धरायचं. त्या न्यूझीलंडच्या बाईने तेच केलं असं माझ्या कोपऱ्यातल्या पोरीचं म्हणणं पडलं.

पण एक जण, आमची सगळ्यात बारकी, ती इंग्लंडच्याच बाजूची झाली. सर, एक कमी असताना त्या शेवटपर्यंत तीनच पॉइंट मागे होत्या? असं तिनं दोनदा विचारलं. मी म्हटलं विचारून सांगतो.

सह्याद्रीची_पोर
हो दादा, तीनच. आणि एक कमी अठराव्या मिनिटापासून. तिला सांगा, आणि पुढचा वर्ल्ड कप २०२९ ला ऑस्ट्रेलियात आहे हेही सांगा. त्याच्या आधी या दोघींची मॅच कधी लागली की मी इथेच तारीख आणि आपल्याकडची वेळ टाकते.